मोटार नाही, मग नाव ओढतंय कोण?

माझा भाचा अमेरिकेत सॅन दिएगोला असतो. मध्यंतरी त्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. पहाटेचा राखाडी उजेड, सपाट पाणी, पुढ्यात नावेचं पिवळं टोक आणि त्या टोकाच्या दिशेला धनुष्यासारखी वाकलेली काठी. वल्हं मांडीवर आडवं पडलंय, तरी नाव चाललीय. चांगली पाणी कापत चाललीय, टोकापाशी फेस दिसतोय. मध्येच रिळाचा करर्र आवाज येतो आणि भाचा धापा टाकत हसतो.

काकांनी तो व्हिडिओ दोनदा बघितला. काकांची हयात वेदगंगेच्या काठी गेली, पाणी त्यांना नवं नाही. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मोटार न्हाई, वल्हं मारंना, मग नाव वडालंय कोण?"

"मासा."

"म्हंजे यानं मासा धरलाय, का माशानं ह्याला?"

मी हसलो, पण उत्तर देता येईना. मग भाच्याला फोनवर बराच पिडला, थोडं वाचलं, आणि लक्षात आलं की काकांच्या थट्टेत सगळी गोम होती. तीस-चाळीस किलोच्या प्लॅस्टिकच्या नावेत, म्हणजे कयाकमध्ये, एकटा माणूस बसतो, समुद्रात जातो आणि वीस-पंचवीस किलोचा मासा घेऊन परततो. हे जमतं ते नाव हलकी असूनसुद्धा नव्हे, तर हलकी असल्यामुळेच. कसं ते सांगतो, पण आधी जागा समजायला हवी.

सॅन दिएगो शहराच्या किनाऱ्यावर ला होया नावाचा भाग आहे. इंग्रजी वाचणारा त्याला 'ला जोला' म्हणून मोकळा होतो, पण उच्चार स्पॅनिश वळणाचा आहे. (परगावचे लोक आपल्या बेळगावला 'बेलगाम' म्हणतातच की.) तिथल्या समुद्रात किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर केल्पचं जंगल आहे. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला केल्प समजवायला उसाचा फड पुरतो. दाट, उंच, आत शिरलं की चार हातांवरचं दिसत नाही, आणि आत काय दडलंय याचा नेम नाही. फरक एवढाच की हा फड पाण्याखाली आठ-दहा मीटरपासून तीसेक मीटर खोलीपर्यंत तळाला उभा असतो, वर पृष्ठभागापर्यंत येतो आणि तिथे आडवा पसरतो. लांबून पाहिलं तर पाण्यावर तपकिरी चटई अंथरल्यासारखी दिसते.

केल्प ही वनस्पती नव्हे. ते तपकिरी शेवाळ आहे, फक्त अवाढव्य. ऊस मुळांनी खातो, केल्पला खाणारी मुळंच नाहीत. तळाच्या खडकाला तो बोटांसारख्या पकडीने धरून असतो आणि अन्न सगळ्या अंगाने, पाण्यातूनच घेतो. म्हणून त्याला खडक लागतो, वाळूत तो टिकत नाही. प्रत्येक पानाच्या देठाशी हवेने भरलेला छोटा फुगा असतो, शेंगदाण्याच्या टरफलापेक्षा जरा मोठा. खोड अगदी लवचीक, तरी हे हजारो फुगे ते ताठ उभं ठेवतात. वाढ तर अशी की सगळं मनासारखं असेल तेव्हा महाकेल्प दिवसाला अर्धा मीटरसुद्धा वाढतो. सकाळी पाहिलेला शेंडा संध्याकाळी वेगळ्या जागी.

मग हा आपल्या कारवारला, मालवणला का नाही? कारण याला थंडी लागते. पाणी वीस अंशांच्या वर बराच काळ राहिलं की केल्प खंगतो, आणि आपला अरबी समुद्र किनाऱ्याजवळ वर्षाचा बराच काळ सत्तावीस ते तीस अंश असतो. कॅलिफोर्नियात किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून वारा वाहतो. तो वारा आणि पृथ्वीचं फिरणं मिळून वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर लोटतात, आणि रिकामी झालेली जागा भरायला तळाचं गार पाणी वर येतं. या पाण्यात नायट्रेट भरपूर, म्हणजे फडाला फुकटचं खत. आपल्या किनाऱ्यावरच्या खडकांनाही सरगॅसमसारखी तपकिरी शेवाळं असतात, नात्याने केल्पची लांबची भावंडं, पण त्यांचं जंगल होत नाही.

आता मासे. ऊसतोडीच्या वेळी फडाचा शेवटचा पट्टा राहतो तेव्हा गावातली पोरं कुठे उभी असतात? फडाच्या आत कुणी जात नाही, बांधावर उभी राहतात. कोल्हा असो, डुक्कर असो, जे काही असेल ते कडेनेच बाहेर पडणार. केल्पचंही तसंच. लहान मासा आत दडतो, मोठा मासा कडेला घिरट्या घालतो. सगळा खेळ त्या कडेचा. भाच्याच्या मोबाईलमधल्या नकाशावर त्याच्या आवडीच्या जागांच्या खुणा आहेत, त्यातली एकही फडाच्या मध्यावर नाही.

या कडेवरचा राजा म्हणजे व्हाइट सीबास. नावात बास असला तरी तो बास नाही, तो आपल्या घोळीच्या कुळातला. हीच ती घोळ, जिला गुजरातने २०२३ मध्ये राज्याचा मासा केलं आणि जिच्या पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, सोन्याचा भाव येतो म्हणतात. या कुळाची खूण म्हणजे आवाज. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून हे मासे ढोलकीसारखे घुमतात. विणीच्या दिवसांत व्हाइट सीबासचे नर असे घुमायला लागतात. शांत पहाटे तो आवाज नावेच्या तळातून मांडीला जाणवतो असं भाचा सांगतो. मोटारबोटीवर तो कधीच कळला नसता. या माशाचा गळावरचा जागतिक विक्रम १९५३ सालचा, मेक्सिकोतल्या सान फेलिपेचा: जवळजवळ अडतीस किलो. इतक्या वर्षांत मोडलेला नाही.

दुसरा मानकरी यलोटेल. हा अंगाने गोळीसारखा, शेपूट पिवळी, आणि स्वभाव असा की गळ लागताच थेट खडकाकडे किंवा केल्पकडे धूम ठोकायची. त्याशिवाय केल्पमध्येच राहणारे छोटे कॅलिको बास आहेत, ते शिकाऊ लोकांसाठी. आणि एक महाकाय सीबास आहे, दोनशे किलोच्या पुढे जाणारा, सत्तर वर्षांहून जास्त जगणारा. तो मात्र १९८२ पासून कॅलिफोर्नियात धरायचा नाही. चुकून लागला तर पाण्यातच सोडायचा.

मोठे मासे वसंतात कडेला का येतात? कारण म्हाकूल, म्हणजे स्क्विड. म्हाकलांचे थवे वाळूच्या तळाशी अंडी घालायला किनाऱ्याजवळ येतात, आणि त्यांच्या मागे व्हाइट सीबास. जेवणाची पंगत बसली की वाढप्याला शोधावं लागत नाही, तसं म्हाकूल सापडले की मासा शोधावा लागत नाही. ते नसतील तेव्हा जिवंत बांगडा चालतो. आधी एका दोऱ्यावर पाच-सहा बारीक गळ आणि चमकीचे तुकडे लावून बांगडे धरायचे. तिथला बांगडा आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, दिसायला जरा लांबोडा. ते पाण्याच्या नळीत जिवंत ठेवायचे, मग एकाच्या नाकातून गळ ओवायचा आणि केल्पच्या कडेकडेने, म्हाताऱ्याच्या चालीने, नाव हाकायची. बांगडा मागे मागे पोहत येतो. आपल्याकडे नदीवर गांडूळ लावून गरवायला बसतात, त्याला काही तास एका जागी बसायचा संयम लागतो. इथे हातपाय हलवत बसायचा संयम लागतो, एवढंच.

आता नाव. पुराच्या दिवसांत आमच्या गावाकडे गुऱ्हाळाची काहील हीच नाव व्हायची. म्हातारीकोतारी, कोंबड्या, धान्याची पोती काहिलीत घालून पलीकडे न्यायची. २०१९ च्या ऑगस्टात पाणी चढलं तेव्हा काकांनी पुन्हा काहिलीचे किस्से काढले होते. काहील बसायला भक्कम, पण गोल. वल्हं मारलं की पुढे जायच्या ऐवजी स्वतःभोवती फिरते, म्हणून दोघं तिघं पोहत तिला धरून ढकलायचे. कयाक बरोबर उलटी: लांब, अरुंद, सरळ जाणारी, आणि त्यापायी जरा कलंडायला हलकी. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी ती बनवली. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं. म्हणजे ती मुळातच शिकारीची नाव. मौजेची ती नंतर झाली.

मासेमारीची आजची कयाक प्लॅस्टिकची, साडेतीन ते साडेचार मीटर लांब, पाऊण मीटरच्या आसपास रुंद. माणूस तिच्या आत बसत नाही, वर बसतो. तिच्या बैठकीला तळापर्यंत आरपार भोकं असतात. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "भोकाची नाव इकत घेतली त्यानं? पैसं देऊन?" त्यांना कागदावर काढून दाखवावं लागलं. नाव म्हणजे बंद, पोकळ डबा. बैठक पाण्याच्या पातळीच्या वर. भोकं म्हणजे डब्यातून आरपार गेलेल्या नळ्या, त्यांचा डब्याच्या पोकळीशी संबंध नाही. लाट अंगावर आली की पाणी त्या नळ्यांतून आपोआप खाली जातं. काहिलीत आलेलं पाणी तांब्याने उपसावं लागायचं, इथे तांब्या नको. वल्ह्याऐवजी सायकलीसारखे पायडल असलेल्या कयाकही मिळतात. महाग असतात, पण हात मोकळे राहतात. ते का महत्त्वाचं, ते पुढे.

मोटारबोट असताना ही यातायात कशाला? एक तर आवाज नाही. दुसरं म्हणजे केल्पच्या दाटीत बोटीचा पंखा गुंडाळला जातो, बोट शहाणी असेल तर कडेपासून लांबच राहते. कयाकला पंखाच नाही. ती त्या चटईवरूनसुद्धा घसरत जाते, वल्ह्याने पानं बाजूला सारत.

आता काकांच्या प्रश्नाकडे.

पाण्यातला मासा जवळजवळ बिनवजनी असतो, त्याचं वजन पाण्याने पेललेलं. त्यामुळे पंचवीस किलोचा मासा पंचवीस किलोने ओढतो असं नाही. तो किती जोराने ओढू शकतो हे त्याच्या शेपटीवर अवलंबून, पण दोऱ्यावर किती जोर येईल हे माणूस ठरवतो, रिळाच्या ड्रॅगने. ड्रॅग म्हणजे रिळावरचा ब्रेक. ठरवलेल्या जोरापेक्षा जास्त ओढ आली की रीळ घसरतं आणि तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, सोडतं. व्हिडिओतला करर्र आवाज तोच. पंचवीस किलोला तुटणारा दोरा असेल तर ड्रॅग साधारण सात-आठ किलोवर लावतात, पाव ते एक तृतीयांश. गाठीत दोरा कमजोर होतो, हिसके बसतात, म्हणून एवढी सूट.

आता खोंड डोळ्यांसमोर आणा. नवा खोंड, मस्तवाल. त्याचा कासरा खुंट्याला बांधला आणि तो उधळला, तर कासरा तुटेल नाहीतर खुंटा उपटेल. कासरा हातात धरून त्याच्या मागे पळालात, तर काहीच तुटत नाही. थोडं फरफटत जाल, पण खोंड आपोआप दमतो. किनाऱ्यावर किंवा नांगर टाकलेल्या बोटीवर उभा असलेला माणूस म्हणजे खुंटा. तिथे सगळी सूट रिळातून द्यायची. रिळावरचा दोरा संपला की खेळ संपला. कयाकवरचा माणूस म्हणजे कासऱ्यामागे पळणारा गडी. रीळ हा एक ब्रेक, आणि नाव हा दुसरा.

हिशोब करून बघू. नाव चाळीस किलो, भाचा पंचाहत्तर, सामानसुमान पंधरा: एकूण एकशे तीस. माशाने सात किलोच्या जोराने ओढलं आणि पाण्याचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवला, तर तीन सेकंदांत नाव माणूस भराभर चालतो तेवढ्या वेगाला जाते. प्रत्यक्षात पाणी अडवतं, म्हणून वेग कमी. पण सरळ जाणाऱ्या कयाकला मंद चालीने ओढत न्यायला फार जोर लागतच नाही, काही थोडे किलो पुरतात. म्हणजे नाव ओढली जात असताना दोऱ्यावरचा ताण त्याच्या तुटण्याच्या जोरापेक्षा पुष्कळ खाली राहतो. नुसत्या ओढीने दोरा तुटायचं कारण उरत नाही. पन्नास टनांचा ट्रॉलर आणि त्याच दोऱ्यावरचा तोच मासा, मात्र रीळ अडकलं, तर दोरा एका हिसक्यात गेला. म्हणून म्हटलं, हलकी असल्यामुळेच.

आणि मासा? त्याचे पांढरे स्नायू झटक्यासाठी असतात, लांबच्या दौडीसाठी नाहीत. दर झटक्याला तो एकशे तीस किलोंचं ओझं हलवतो, स्नायूंत आम्ल साचत जातं, आणि पंधरा-वीस मिनिटांत त्याच्या धावा आखूड होत जातात.

हे ऐकून काम सोपं वाटेल. नाही. याच गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे माशाला अडवता येत नाही. खुंटा निदान जागच्या जागी राहतो. कयाकवर तुम्ही माशाला ओढलंत की तुम्हीच माशाकडे सरकता. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो केल्पकडे पळाला, तर त्याला तिथून वळवायला तुमच्यापाशी पाय रोवायला जमीनच नाही. इथे पायडल कामाला येतात. दोन्ही हातांनी काठी धरून पायाने उलट दिशेला नाव नेता येते, फडापासून लांब, मोकळ्या पाण्यात. पायडल नसतील तर नाव आडवी करतात. आडव्या नावेला पाण्याचा अडथळा जास्त, म्हणजे ब्रेक जास्त. पण आडव्या नावेवर ओढ बाजूने बसते आणि कलंडायची भीती वाढते. काठी नेहमी टोकाच्या दिशेला ठेवायची, बाजूला न्यायची नाही, हा पहिला धडा. मासा नावेखालून पलीकडे गेला तर काठीचा शेंडा पाण्यात बुडवून टोकाला वळसा घालून पलीकडे न्यायचा. घाईत तसाच ओढला की काठी तरी मोडते नाहीतर आपण पाण्यात.

मासा केल्पमध्ये शिरलाच तर? नवखा माणूस ओढत बसतो. जुना माणूस दोरा ढिला सोडतो. ओढ थांबली की माशाला वाटतं संकट टळलं, आणि पुष्कळदा तो आल्या वाटेने बाहेर येतो. नाही आला तर नाव फडावरून हाकत थेट अडकलेल्या जागेच्या डोक्यावर जायचं आणि सरळ वर खेचायचं. विणलेला बारीक दोरा पानं करवतीसारखी कापतो. मोटारबोटीला इथवर येताच येत नाही. भाच्याचे पहिले चार मोठे मासे फडातच गेले. पाचवा आला, त्याचा व्हिडिओ आपण बघितला. चारांचे व्हिडिओ त्याने टाकलेले नाहीत.

शेवटी मासा नावेखाली गोल गोल फिरायला लागतो. तेव्हा दोन्ही पाय दोन बाजूंना पाण्यात सोडून घोड्यावर बसल्यासारखं बसायचं. त्याने तोल बराच सावरतो. मासा उचलायचा नाही. आकड्याने डोक्यापाशी धरून, नाव किंचित त्याच्याकडे झुकवून, घसरवत मांडीवर घ्यायचा. आणि हे भरभर करायचं, कारण समुद्रसिंह. भुंकणारं, मिशाळ, दोन-तीनशे किलोंचं जनावर, आणि दमलेला मासा दोऱ्यावर असताना त्याला कुठून सुगावा लागतो कोण जाणे. वर येतं ते नुसतं डोकं. तिथले मासेमार त्याला करवसुलीवाला म्हणतात.

आता पाण्यात पडण्याबद्दल. यावर मी अधिकाराने बोलू शकतो. दोन वर्षांपूर्वी गणेशगुडीला काळी नदीत कयाक चालवायला गेलो होतो. मागून मित्राने हाक मारली, मी 'काय रे' म्हणून मान वळवली, मानेबरोबर खांदा वळला, खांद्याबरोबर नाव. पाण्यातून वर आलो तेव्हा जाकीट अंगावर होतं, चष्मा नव्हता. तो अजून काळी नदीत आहे. जे बांधलं नाही ते गेलं, हा कयाकचा नियम मला असा कळला. भाच्याच्या नावेवर काठ्या, वल्हं, पकड, चाकू, सगळं दोरीने बांधलेलं असतं.

पडणं फार मोठी गोष्ट नाही, परत चढणं आहे. मी तीनदा चढायला गेलो आणि तीनदा नाव माझ्याच अंगावर आली. मग आठवलं की लहानपणी वेदगंगेत म्हशीच्या पाठीवर चढायचो. पाण्यातून म्हशीवर कुणी उभ्याने चढत नाही. पाय मागे आडवे करून जोरात मारायचे, पोट पाठीवर टाकायचं, मासळीसारखं आडवं पडून राहायचं, मग कूस बदलून पाय टाकायचा. कयाकवर नेमकं तेच करायचं. चौथ्या वेळी जमलं. म्हैस निदान स्वतः उभी राहायची, उलटलेली कयाक आधी आपणच सरळ करायची.

कॅलिफोर्नियात याला थंडीची जोड. तिथलं पाणी हिवाळ्यात चौदा अंशांच्या आसपास उतरतं. इतक्या गार पाण्यात अचानक पडलं की आधी श्वास सुटतो. माणूस नकळत धापा टाकतो, आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर संपलं. बर्फाजवळच्या पाण्यासाठी एक ठोकताळा सांगतात: एक मिनिट श्वास ताब्यात यायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे, एक तास शुद्ध हरपेपर्यंत. सॅन दिएगोचं पाणी तेवढं जीवघेणं नाही, पण क्रम तोच. म्हणून जाकीट अंगावर घालायचं, नावेत ठेवायचं नाही. अंगात रबरी पोशाख. सोळा नंबरच्या चॅनेलवर मदत मागता येणारा बिनतारी संच छातीशी, कारण पडल्यावर आपण इथे आणि नाव तिथे असू शकते. मागे उंच झेंडा, कारण धुक्यात बोटवाल्याला कयाक दिसत नाही. आणि किनाऱ्याकडून समुद्राकडे वारा वाहत असेल तर त्या दिवशी जायचंच नाही. जाताना तो वारा मदत केल्यासारखा वाटतो. येताना कळतं.

नियमही बरेच आहेत, आणि मला ते आवडले. व्हाइट सीबास अठ्ठावीस इंचांपेक्षा, म्हणजे एकाहत्तर सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर परत सोडायचा. दिवसाला तीन. पण १५ मार्च ते १५ जून, विणीच्या हंगामात, दक्षिण कॅलिफोर्नियात एकच. ला होयाच्या केल्पचे काही पट्टे २०१२ पासून पूर्ण राखीव आहेत, तिथे गळ टाकायचा नाही. मोठा मासा लागला आणि त्याने ओढत नाव राखीव हद्दीकडे नेली तर काय, हा प्रश्न मी विचारला. भाचा म्हणाला, म्हणून तर मी हद्दीपासून लांबच गरवतो. हे सगळं का आलं, त्याला कारण आहे. किनाऱ्याजवळच्या कल्ल्यात अडकवणाऱ्या जाळ्यांनी विसाव्या शतकात हे मासे पार रोडावले होते. १९९० मध्ये तिथल्या मतदारांनी मतदानाने कायदा करून दक्षिण किनाऱ्याजवळ ती जाळी बंद पाडली, १९९४ पासून बंदी पूर्ण लागू झाली. त्यानंतर मासा हळूहळू परतला. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या काळात बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात भाव विचारून बघा, चेहरा आपोआप सुकटीकडे वळतो.

आपल्याला इकडे हे करता येईल का, असं दोघातिघांनी विचारलं. केल्प नाही, पण कडेचं तत्त्व तेच. कारवार, गोवा, मालवणला पाण्याखालचे खडक आहेत, आणि तांबोसा, गोब्रा हे खडकाच्याच आसऱ्याने राहतात. पण पावसाळ्यात समुद्राचं नाव काढायचं नाही, आणि कुठेही जायच्या आधी तिथल्या रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मासेमाराला, विचारायचं. कुठल्या भरतीला कुठला प्रवाह कुणीकडे ओढतो हे त्याला माहीत असतं, मोबाईलला नसतं. शिकायला काळी नदीचं शांत पाणी चांगलं. मात्र दांडेलीजवळ तिच्यात मगरी आहेत, तेव्हा म्हशीवर चढायचा सराव जागा विचारून करावा.

हे सगळं मी काकांना दोन संध्याकाळी मिळून सांगितलं. खोंडाचा दाखला त्यांना पटला. भोकांचा अजून पुरता पटलेला नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि शेवटी भाचा मासा मांडीवर घेतो तिथे थांबवला.

"घोळीच्या कुळातला म्हणालास न्हवं? मग डोक्याची आमटी झकास झाली असंल."

तिथे मात्र माझी पंचाईत झाली. तिथल्या एका पैदास केंद्रात व्हाइट सीबासची पिल्लं वाढवून समुद्रात सोडायचे, आणि सोडायच्या आधी प्रत्येकाच्या गालात खुणेचं तारेचं बारीक तूस घालायचे. धरलेला मासा केंद्रातला की समुद्रातला हे कळावं म्हणून मासेमार डोकं कापून, गोठवून त्यांच्याकडे जमा करायचे. आमच्या भाच्यानेही केलं होतं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ईस किलोचा मासा," ते म्हणाले, "आणि डोकं सरकारजमा?"

मग हात लांब करून फोन मागितला. भाच्याला तिथे पहाटेचे चार वाजलेत, हे सांगूनही ऐकेनात.